उठून जाण्याची लाज

एखाद्या फिल्म सोसायटीला पन्नास वर्षं झाली की स्मरणिका निघते, आणि तिच्यात दर दुसऱ्या पानावर एकच वाक्य वेगवेगळ्या नावांखाली छापलेलं असतं: ‘या संस्थेनं आम्हाला जागतिक सिनेमा दाखवला.’ वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. सिनेमा दाखवायला पडदा, प्रोजेक्टर आणि वेळेवर येणारा वायरमन एवढं पुरतं. त्यासाठी कार्यकारिणी, दोन चिटणीस, एक खजिनदार आणि धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी लागत नाही. हा सगळा डोलारा वर्षानुवर्षं उभा राहतो त्याअर्थी तो दुसऱ्याच कशासाठी तरी असला पाहिजे. माझं म्हणणं असं की, फिल्म सोसायटीनं आपल्याला पुरवलेली खरी दुर्मीळ वस्तू म्हणजे सिनेमातून उठून जाण्याची लाज. सिनेमा हल्ली कुठेही मिळतो. ही लाज मात्र अजूनही तिथेच मिळते.

पुरावा म्हणून गाई घेऊ. बेला टार या हंगेरियन दिग्दर्शकाचा ‘सातानटँगो’ (१९९४) सात तासांहून मोठा आहे आणि त्याची सुरुवात गाईंनी होते. गोठ्यातून गाई बाहेर येतात, चिखलात रेंगाळतात, एकमेकींच्या अंगावर चढतात, भिंतींच्या कडेनं चालत राहतात. एकाच शॉटमध्ये, जवळजवळ आठ मिनिटं. आता हा सिनेमा घरी, सोफ्यावर बसून पाहा. पहिल्या मिनिटाला आपण प्रकाशयोजनेचं कौतुक करतो. दुसऱ्या मिनिटाला कुकरच्या शिट्ट्या मोजतो. तिसऱ्या मिनिटाला फोन हातात येतो, आणि चौथ्या मिनिटाला गाई दीडपट वेगानं दुडक्या चालीत निघालेल्या असतात. तोच माणूस सोसायटीच्या खेळाला मधल्या रांगेत बसवा. डावीकडे सहा जोड्या गुडघे, उजवीकडे सहा जोड्या. त्यांतले निम्मे संधिवाताचे, म्हणजे वाट द्यायला उठणं हा त्यांच्यासाठी एक समारंभच. शिवाय शेजारी बसलेल्या गृहस्थांना खेळाआधीच ‘टार मला जवळचा वाटतो’ असं सांगून झालेलं. हा माणूस आठही मिनिटं बसतो. आणि सहाव्या मिनिटाच्या सुमारास, दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नसल्यामुळे, त्याला त्या गाई खरोखर दिसू लागतात. या सिनेमाला हेच हवं होतं, आणि ते घडवून आणलं बारा जोड्या गुडघ्यांनी.

यावरचा पहिला आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो वजनदार आहे. १९४७मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, तेव्हा परदेशी सिनेमा म्हणजे मुख्यतः हॉलिवूड. १९५२चा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव मुंबईत भरला आणि इटालियन व जपानी सिनेमा आपल्याकडच्या लोकांनी डोळे विस्फारून पाहिला. १९५९मध्ये सोसायट्यांचं फेडरेशन झालं, अध्यक्ष राय. १९६४मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी आयुष्यभर डबे जमवले. १९६८मध्ये मुंबईत सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रभात चित्र मंडळ सुरू केलं. सोसायट्यांना बऱ्याच प्रिंट परदेशी वकिलातींकडून मिळायच्या. त्यामुळे महिन्याचा कार्यक्रम कार्यकारिणीच्या अभिरुचीपेक्षा चिटणिसांचं कोणत्या वकिलातीशी बरं चाललंय यावर ठरत असणार. तेव्हा, आक्षेपक म्हणतील, लोक सिनेमासाठीच येत होते. दुसरीकडे तो मिळतच नव्हता. मान्य. पण मग व्हिडिओ कॅसेट आली, डीव्हीडी आली, शेवटी सगळं जग फोनमध्ये आलं. दुष्काळ संपल्यावर टँकर कोण मागवतो? या हिशेबानं एकही सोसायटी उरायला नको होती. पुष्कळ बंद पडल्याही. पण ‘प्रभात’ राहिली, आणखीही काही राहिल्या. ज्यांना निव्वळ सिनेमा हवा होता ते गेले. उरले त्यांना आणखी काहीतरी हवं होतं. संस्थेच्या नावात ‘मंडळ’ हा शब्द उगाच नाही. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, वाचनालय यांच्याच गोत्रातली ही संस्था. एकट्यानं आपण जे कधीच केलं नसतं ते चारचौघांत करवून घेणं, हे या सगळ्यांचं काम.

सेन्सॉरचा मुद्दा इथेच उरकतो, कारण जाणकार तो डोळे मिचकावून काढतातच. सोसायटीच्या सभासदांना कात्री न लागलेले सिनेमे पाहण्याची सवलत होती, आणि ती बातमी कुजबुजत पसरली की वर्गणीदार वाढायचे. ही मंडळी चळवळीला लागलेला डाग आहे असं निष्ठावंत मानतात. मला तर ती चळवळीचं सर्वांत मोठं यश वाटते. उदाहरणादाखल मिक्लोश याँचोचा ‘रेड साम’ (१९७२) घ्या. दीड तासाच्या आतबाहेरचा सिनेमा, त्यात तीसपेक्षा कमी शॉट. ज्या कारणासाठी हे सभासद येणार ते कारण त्यात आहे, पण थोडकंच. बाकी सगळा एकोणिसाव्या शतकातल्या हंगेरियन शेतमजुरांचा उठाव, गाणी आणि घोडदळ यांच्यासह. आता उठावं तरी कसं? त्या क्षणी उठलं तर आपण कशासाठी आलो होतो ते अख्ख्या सभागृहाला कळणार! म्हणून बसणं आलं, आणि बसता बसता शेतमजुरांच्या प्रश्नाकडे लक्ष जाणंही आलं. चवचाल हेतूनं आलेल्या माणसाला भूमिहीनांच्या लढ्यापर्यंत नेणारी दुसरी संस्था मला तरी ठाऊक नाही.

लाजेचं हे यंत्र सर्वांत उत्तम चाललं ते सोळा मिलिमीटरच्या काळात. सोळाशे फुटांचं रीळ चव्वेचाळीस मिनिटांत संपतं. प्रोजेक्टर एकच असेल तर रीळ बदलायला दिवे लावावे लागतात. दिवे लागले की हजेरी! कोणाची खुर्ची रिकामी, कोण डुलक्या घेतंय, कोण दाराच्या दिशेनं बेतानं सरकतंय, सगळं उघड. ऑपरेटर रिळाचं टोक चाचपडत असेपर्यंत सभासद एकमेकांकडे पाहून गंभीर माना डोलावत, जणू काही तरी कळलंय. डिजिटल प्रोजेक्शननं चित्र स्वच्छ केलं, पण अंधार अखंड केला, आणि चळवळीची शिस्त तिथून ढिली झाली. तांत्रिक प्रगतीचा हा तोटा अजून कोणी गांभीर्यानं घेतलेला नाही.

प्रास्ताविक आणि चर्चा या दोन परंपरांनाही लोक हसतात. प्रास्ताविक करणारे ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणून सुरुवात करतात आणि नायक शेवटी मरतो हे सांगून थांबतात. पण शेवट कळल्यावर ‘पुढे काय होतं’ ही सबब संपते आणि माणूस निमूटपणे ‘कसं होतं’ ते पाहू लागतो. चर्चेत पहिला हात वर करणारा ‘माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे’ असंच म्हणतो, आणि निरीक्षण कुरोसावापासून निघून भाववाढीपर्यंत पोचतं. तरीही चर्चा हवीच. पुढे आपल्याला कोणी काही विचारेल, या धास्तीनं शंभर माणसं जागी राहतात. उद्या परीक्षा नसेल तर वर्गात कोण बसेल?

आता शेवटचा आणि सर्वांत तिखट आक्षेप: हे तर ढोंग झालं. लाजेनं बसलेला माणूस रसिक कसा? यावर मी आपल्याच संगीताच्या मैफलीकडे बोट दाखवीन. समेवर पहिल्यांदा मान हलते ती तबला कळला म्हणून थोडीच? पुढच्या रांगेतल्या पगडीवाल्यांची हलली म्हणून हलते. काही वर्षं अशी उसनी मान हलवली की एके दिवशी ती आपसूक हलते, आणि कधी बदल झाला हे मान हलवणाऱ्यालाही सांगता येत नाही. ढोंग ही रसिकतेची बालवाडी आहे. तिथून थेट पदवी मिळत नाही, पण तिथे न जाता फार थोडे पुढे जातात. त्या थोड्यांमध्ये राय होते, हे कबूल केलं पाहिजे. त्यांना ‘बायसिकल थीव्ज’ भेटला तो स्वतःच्या सोसायटीत नव्हे, १९५०मध्ये लंडनच्या थिएटरात, आणि त्यांना बसवून ठेवायला कोणाच्या गुडघ्यांची गरज पडली नसणार. पण सोसायटी राय यांच्यासाठी नसतेच. ती आपल्यासाठी असते, ज्यांना चौथ्या मिनिटाला फोन आठवतो.

एका ठिकाणी मात्र माझा सिद्धान्त साफ कोसळतो, आणि प्रामाणिकपणे ते नोंदवलं पाहिजे. मार्चच्या खेळाला दाराशी टेबल टाकून, पावतीपुस्तक उघडून खजिनदार बसलेले असतात. सात तास गाई, पाऊस आणि चिखल पाहताना जो सभासद एकदाही जागचा हलला नाही, तोच थकलेल्या वर्गणीचा विषय निघताच बारा जोड्या गुडघे ओलांडून, पडद्याशेजारच्या ‘फक्त आपत्कालीन उपयोगासाठी’ असं लिहिलेल्या दारानं बाहेर पडतो.