फळकुटाची फाइल

तारीख २८ ऑक्टोबर २००२, गाव फिलाडेल्फिया. ९२ वर्षांचे एक आजोबा डोक्यावर हेल्मेट चढवून स्केटबोर्डवर उभे राहिले. दोन बाजूंनी दोघांनी धरलं, चाकं फिरली, आजोबा थोडे पुढे सरकले आणि कायदा मोडला. तिथल्या लव्ह पार्कात स्केटबोर्डला बंदी होती. आजोबांचं नाव एडमंड बेकन. १९४९ ते १९७० अशी एकवीस वर्षं शहराच्या नियोजन आयोगाचे प्रमुख, १९६४ साली ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकलेले. (सिनेमावाल्यांसाठी ओळख : केव्हिन बेकनचे वडील.) त्या बागेची मूळ कल्पनाही त्यांचीच. म्हणजे घर ज्याने बांधलं त्यालाच ओसरीवर बसायला मनाई! पोलिसांनी त्यांना हात लावला नाही. ९२ वर्षांच्या माणसाला आत टाकायचं तर बेडीआधी अँब्युलन्स मागवावी लागते.

ही बाग १९६५ सालची. ग्रॅनाइटचे कट्टे, रुंद पायऱ्या, मधे कारंजं. आजूबाजूच्या कचेऱ्यांतल्या साहेबलोकांनी दुपारी कट्ट्यावर बसून सँडविच खावं, असा नियोजनकर्त्यांचा सात्त्विक हेतू. पोरांनी पाहिलं की कट्ट्याची धार फळीला नेमकी लागते. मग काय, कडांना मेण फासलं आणि ऐंशीच्या दशकापासून तिथं जत्रा भरू लागली. कॅसेटी निघाल्या, मासिकांत फोटो आले. २००० साली टोनी हॉक या स्केटबोर्डपटूच्या व्हिडिओ गेममध्ये जगभरची मुलं सोफ्यावर बसून फिलाडेल्फियाची ही बाग पालथी घालू लागली. त्याच वर्षी नगर परिषदेने खऱ्या बागेत स्केटबोर्ड बंद केला.

थांबा, खरी मजा पुढे आहे. २००१ आणि २००२ अशी लागोपाठ दोन वर्षं ‘एक्स गेम्स’ ही टीव्हीवरची मोठी स्पर्धा याच शहराने आपल्या अंगणात भरवली, स्केटबोर्डिंगसकट. पाहुण्यांना पायघड्या, घरच्या पोरांना दंडुका. २००२ मध्ये बागेचं नूतनीकरण झालं, तेही असं की फळीला कट्टा मिळू नये. २००४ साली स्केटबोर्डचे बूट विकणाऱ्या एका कंपनीने देखभालीसाठी दहा लाख डॉलर देऊ केले. तेही नको म्हणाले. महापालिका चालून आलेले पैसे नाकारते, हे दृश्य पाहायला तिकीट लावलं असतं तरी गर्दी झाली असती.

माझं निरीक्षण असं : पोरांना खेळू द्यायला शहराकडे पैसे नसतात, खेळू न द्यायला मात्र असतात. कट्ट्याच्या कडेला लोखंडी गुठळ्या ठोकायला असतात, रखवालदाराच्या पगाराला असतात. या खर्चावर कधी कोणी हरकत घेत नाही.

फिलाडेल्फियातल्या पोरांना हे लवकर कळलं. नगरसेवकाला उडी कळत नाही, फाइल कळते. तेव्हा त्यांनी स्केटपार्कसाठी फ्रँकलिन्स पेन नावाचा निधी उभारला आणि फळी बाजूला ठेवून फाइल उचलली. असल्या फायलीचा प्रवास कोणत्याही गावात सारखाच. बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालून जायचं. तीन मिनिटं बोलायला मिळतात, त्यात ‘भाऊ, जागा द्या’ म्हणायचं नाही, ‘सार्वजनिक मोकळ्या जागेचा सर्वसमावेशक वापर’ म्हणायचं. सोबत आई न्यायची. आई रडली तर उत्तम, आईने करदाती म्हणून हिशेब मागितला तर त्याहून उत्तम. मग शेजारी उठतात : आवाज होईल, टवाळ पोरं जमतील. (ती आधीच जमलेली असतात, तुमच्याच दुकानाच्या पायरीवर.) आणि शेवटी वकील खाकरून विचारतो : पाय मोडला तर कोणाचा?

या एका प्रश्नावर बरीचशी मैदानं गारद झाली. कॅलिफोर्नियाने तोड काढली ती सरकारी प्रतिभेचा नमुना म्हणून शाळेत शिकवावी. १९९७ च्या कायद्याने स्केटबोर्डिंगला ‘धोकादायक करमणूक’ ठरवलं. खेळणाऱ्याने धोका जाणूनच उडी मारली, तेव्हा ठरावीक अटींत नगरपालिका नुकसानभरपाईची धनी नाही. सरकारदफ्तरी खेळ धोकादायक ठरला आणि नगरपालिकांना तो एकदम सुरक्षित वाटू लागला. स्केटपार्क भराभर उभे राहिले. पोरं तीच, गुडघेही तेच. बदलला तो फक्त दावा कोणावर लागायचा तो पत्ता.

पोर्टलँडच्या पोरांना एवढा धीर नव्हता. १९९० मध्ये त्यांनी बर्नसाइड पुलाखाली स्वतःच सिमेंट कालवून ओतायला सुरुवात केली. परवानगी नाही, निविदा नाही, भूमिपूजन नाही. नंतर शहराने ते गुपचूप मान्य करून टाकलं. आपल्याला ही पद्धत परकी नाही. आधी बांधायचं आणि मागाहून नियमित करून घ्यायचं, यात आपले बिल्डर पोर्टलँडला शिकवणी देतील.

फिलाडेल्फियाच्या फाइलवर सही व्हायला मात्र वेळ लागला. शहर, राज्य, देणगीदार असे सगळ्यांचे पैसे गोळा करत सुमारे ४५ लाख डॉलरचं पेन्स पार्क नदीकाठी उघडलं ते २०१३ मध्ये. म्हाताऱ्या बेकनना फळीवर जाताना ज्या चौदा वर्षांच्या पोराने पाहिलं असेल, तो तोवर पंचवीसचा. त्याचे गुडघे गेलेले, घराचे हप्ते सुरू. बेकन तर २००५ मध्येच गेले. सार्वजनिक पैशाची ही खासियत : मागतो एक, मिळतं त्याच्या धाकट्या भावाला. तरी मागायचा तो सार्वजनिक पैसाच मागावा, कारण कंपनीने बांधलेल्या मैदानाला कंपनीचं फाटक असतं.

आपण हसायचं कारण नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं तेव्हा १३ वर्षांच्या जपानी मुलीने सुवर्ण नेलं. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेत झाल्या, तिथं महाराष्ट्राच्या मुली फळीवरून पदकं घेऊन आल्या. सत्काराला शाल-श्रीफळ लगेच निघतं, सरावाला जागा मागा. आमच्या सोसायटीत ‘पार्किंगमध्ये खेळू नये’ ही पाटी इमारतीच्या रंगापेक्षा नवी असते. वॉर्डात ओपन जिम येतं, बाक येतात, कारण बाकाच्या पाठीवर ‘यांच्या निधीतून’ लिहिता येतं. स्केटपार्क म्हणजे शेवटी काँक्रीटचा खड्डा. खड्ड्याला स्वतःचं नाव कोण देणार? खरं तर खड्ड्यांचा आपल्या महापालिकांचा अनुभव दांडगा आहे. त्यातला गुळगुळीतपणा तेवढा जमवायचा राहिलाय.

लव्ह पार्कचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो. २०१६ मध्ये ती बाग उखडायची ठरली. उखडण्याआधी नव्या महापौरांनी काही दिवस बंदी उठवली. फेब्रुवारीच्या थंडीत तिशी-चाळिशीतले बाप्ये फळ्या काखोटीला मारून आले आणि ज्या कट्ट्यांवरून पोलिसांनी पळवलं होतं, त्यांवर राजरोस घसरले. मग बुलडोझर आला.

उखडलेल्या ग्रॅनाइटमधला काही माल अटलांटिक ओलांडून स्वीडनला, मालमो शहरात गेला. तिथल्या महापालिकेने स्केटबोर्डिंगचं काम बघायला पगारी माणूस नेमला होता. फिलाडेल्फियाचे ते दगड आता मालमोत बसवलेत, सरकारी खर्चाने, फळीला धार नीट लागेल असे.