माळ्यावरच्या तांब्याविषयी

क्योटो,
दिवाळीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप दादांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुम्ही पाठवलेले पार्सल परवा पोचले. डब्याचे झाकण शाबूत होते. आतल्या चकल्या मात्र कडबोळ्यांच्या व शंकरपाळ्यांच्या सहवासात इतक्या लांबचा प्रवास करून अशा एकजीव झाल्या आहेत, की सुमनने त्या समग्र ऐवजास 'दिवाळी मिश्रण' असे नाव ठेवून तो चमच्याने वाढावयास प्रारंभ केला आहे. चव यत्किंचितही बिघडलेली नाही, हे वहिनींना आवर्जून सांगावे. धुण्याचे यंत्र चालू आहे, ते थांबेपर्यंत हे पत्र जेवढे होईल तेवढे लिहितो. उरलेले कपडे वाळत घातल्यावर.

आईचा फोन पार्सलाच्या आधी आला. तिला सांगावे की, भूकंपाची बातमी खरी असली तरी तो येथून शेकडो मैलांवर झाला. जपान म्हणजे आपली चितारआळी नव्हे, की एका टोकास भांडे पडले तर दुसऱ्या टोकास ऐकू यावे. 'थंय कच्चे मासे खातस काय रे?' या तिच्या प्रश्नावर मी जे मौन पाळले त्याचा अर्थ तिने अचूक लावला असावा, कारण तत्क्षणी सुमनला फोन देण्याचा हुकूम सुटला, आणि पुढील अर्धा तास माझ्याविरुद्ध साक्षीपुरावा नोंदवण्यात गेला.

आता तुमची यादी. वहिनींना सुरी, बाबल्यास सामुराई तलवार, शकूमावशीस डोळे मिटणारी बाहुली, आणि तुम्हांस 'जे काय स्वस्तात मिळेल ते'. यांपैकी शेवटची वस्तू या शहरात उपलब्ध नाही. तलवारीसंबंधी बाबल्यास कळवावे की, येथे सहा सेंटिमीटरांहून लांब पात्याची साधी सुरीसुद्धा सबळ कारणावाचून जवळ बाळगून हिंडणे हा गुन्हा आहे, आणि स्वतःच्या वरातीत मिरवणे हे सबळ कारणांत बसेल असे मला वाटत नाही. बाबल्याचे लग्न ठरले याचा येथे सर्वांस परमानंद झाला. मुलगी वेंगुर्ल्याची आहे, शिकलेली आहे, आणि तरीही तिने होकार दिला, यामागचे कारण पुढील पत्री सविस्तर लिहावे.

खरेदीसाठी आम्ही निशिकी बाजारात गेलो. सुमारे ३९० मीटर लांबीची ही गल्ली, माथ्यावर लाल, पिवळे व हिरवे छप्पर, आणि दुतर्फा सव्वाशेच्या वर दुकाने. जमिनीखाली थंडगार पाणी असल्यामुळे, बर्फाची यंत्रे नव्हती त्या काळी मासळी टिकवण्यास ही जागा सोयीची पडली, आणि १६१५ साली तोकुगावा सरकारने येथल्या मासळीव्यापाऱ्यांना रीतसर परवाना दिला. गल्लीची रुंदी आपल्या वाड्याच्या ओटीपेक्षा फारशी अधिक नाही. तरी एवढ्या मासळीच्या बाजारात कुणी कुणास हाक मारीत नाही, भावाची घासाघीस करीत नाही, आणि 'ताजो हा काय?' असे विचारून माशाचे कल्ले उचकटीत नाही. आईस येथे आणले, तर पहिल्याच दुकानात तिच्याभोवती जमाव जमेल.

परंतु या बाजारात एक नियम आहे, आणि त्याविषयी मन मोकळे केल्यावाचून मला पुढे लिहवणार नाही. येथे चालता चालता खाण्यास मनाई आहे. जागोजागी सचित्र पाट्या लावल्या आहेत: ज्या दुकानातून जिन्नस घेतला त्याच दुकानापुढे उभे राहून तो खावा, काडी व कागद त्याच दुकानात परत करावा, आणि एका दुकानाचा खाऊ घेऊन दुसऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊ नये. गल्ली अरुंद, गर्दी अफाट, आणि कुणाच्या रेशमी किमोनोस सोयाबीनच्या रसाचा डाग पडला तर तो निघावयाचा नाही. तेव्हा नियमामागचे तत्त्व मला मान्य आहे. त्याची अंमलबजावणी आपल्यासारख्या कुटुंबावर झाली म्हणजे काय होते, ते मात्र ऐकावे. चिंगीने घेतला काडीला टोचलेला तांबडालाल लहानगा ऑक्टोपस, ज्याच्या डोक्यात लावा पक्ष्याचे उकडलेले अंडे भरलेले असते. सुमनने घेतली अंड्याची गुंडाळी. आणि मी घेतले सोयाबीनच्या दुधाचे गरम डोनट. तिन्ही दुकाने निरनिराळी. परिणामी एकाच रक्ताची व एकाच रेशनकार्डाची तीन माणसे तीन उंबऱ्यांशी आपापल्या शिक्षेच्या जागी उभी राहून एकमेकांशी खुणांनी बोलत होती, आणि 'तुझ्यातला एक घास दे' हे मराठी कौटुंबिक जीवनाचे आद्य सूत्र तेथल्या तेथे निकालात निघाले.

यात कराची भर आहे. २०१९ च्या ऑक्टोबरपासून येथे असा कायदा आहे की, खाद्यपदार्थ बांधून घरी नेल्यास ८ टक्के कर, आणि दुकानाने मांडलेल्या बाकावर बसून खाल्ल्यास १०. म्हणजे बाजार म्हणतो, खात खात पुढे जाऊ नका. आणि सरकार म्हणते, येथे बूड टेकलेत तर दोन टक्के अधिक मोजा. मधला मार्ग उभ्याने खाण्याचा, आणि मी तो पत्करला. दोन टक्क्यांसाठी जो गुडघे दुखवून घेईल तोच आबांचा खरा वारस, असे सुमन म्हणाली. परदेशी पाहुण्यांना मोठ्या दुकानांतून करमाफी असते म्हणून मी आशेने पासपोर्ट पुढे केला. तर दुकानदारीणबाईंनी त्यातील शिक्का पाहून, दोनदा कमरेत वाकून, माझी गणना रहिवाशांत होते हे अत्यंत आदराने कळवले. इतक्या आदराने नकार मला आपल्या तहसील कचेरीत कधी मिळाला नव्हता. तरी नकार तो नकारच.

कपडे वाळत घालून आलो. तुम्ही लिहिले आहे की, पलीकडच्यांच्या नव्या पत्र्याच्या पागोळ्या आता सरळ आपल्या तुळशीवर पडतात, आणि तुम्ही वकील गाठण्याच्या विचारात आहात. त्याआधी एक हकिकत वाचावी. या बाजाराच्या पूर्व टोकास तेन्मांगू नावाचे देवस्थान आहे. त्याच्या दगडी कमानीची आडवी तुळई रस्त्याच्या रुंदीहून लांब असल्यामुळे तिची दोन्ही टोके दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या भिंतींत शिरली आहेत. देवाचे टोक माडीवरच्या खोलीत येऊनही घरमालकांचे काही अडलेले दिसत नाही. पागोळ्यांचे पाणी तर निदान तुळशीसच मिळते.

इतक्याने तुमचे समाधान होणार नसेल, तर इतो जाकुचूचे उदाहरण घ्या. हा अठराव्या शतकातला नामांकित चित्रकार याच बाजारातील भाजीच्या घाऊक पेढीवर जन्मास आला, आणि चाळिशीत सारा कारभार धाकट्या भावाच्या गळ्यात घालून चित्रे काढू लागला. (हा भाग धाकट्या भावांनी उगाच लांबवू नये, म्हणून येथेच सोडतो.) पुढे १७७१ च्या सुमारास एका प्रतिस्पर्धी बाजाराने हा बाजार बंद पाडण्याचा घाट घातला, तेव्हा याच गृहस्थाने कुंचला बाजूस ठेवून सुमारे तीन वर्षे अर्जविनंत्या, हेलपाटे आणि वाटाघाटी केल्या व परवाना टिकवला. तेव्हा कज्जा करावयाचाच असेल तर तो सगळ्या आळीच्या हितासाठी करावा, पागोळ्यांसाठी नव्हे. त्याचे एक चित्र मला फार आवडते: टोपलीवर एक मुळा बुद्धासारखा महानिर्वाणात निजला आहे, आणि भोवती शोकाकुल भाज्या जमल्या आहेत. भाजीस इतक्या गांभीर्याने घेणारा दुसरा मनुष्य मी पाहिला तो आपल्या आबांत, भरल्या वांग्याच्या दिवशी.

पुढच्या दुकानात मला अकस्मात घर भेटले. मसाल्याच्या दुकानदाराने तळहातावर हिरवट पूड ठेवली. जिभेवर ठेवताच आधी लिंबासारखा वास, मग जिभेस मुंग्या, आणि मग साक्षात आपले स्वयंपाकघर. सांशो म्हणतात तिला; आपल्या तिरफळाच्याच कुळातले झाड. आपण तिरफळे ठेचून घालतो आणि जेवताना ताटाच्या कडेस सारतो; हे लोक साल कुटून तिची बारीक पूड करतात आणि भाजलेल्या बाम माशावर भुरभुरतात. त्याच झाडाच्या लाकडाचा दांडा करून, आतून रेघा पाडलेल्या मातीच्या कुंडीत तीळ घोटतात. मी तेथे किती वेळ उभा होतो मला ठाऊक नाही. चिंगीने 'बाबा, डोळ्यांत तिखट गेले का' असे विचारले तेव्हा मी होय म्हणालो. तिला तिरफळातला बांगडा आठवत नाही. मागच्या खेपेस आईने केला तेव्हा ती फार लहान होती, आणि पुढच्या खेपेस आईच्याने रगड्याशी बसवेल की नाही, हे तुम्ही फोनवर सांगत नाही.

असो. वहिनींची सुरी आरित्सुगु नावाच्या पेढीतून घेतली. ही पेढी १५६० सालची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सत्तर वर्षे. पूर्वी तलवारी घडवीत, आता सुऱ्या. पाते पसंत केल्यावर कारागीर त्यास शेवटची धार लावतो आणि लहानशी छिन्नी व हातोडी घेऊन आपल्या डोळ्यांदेखत घेणाऱ्याचे नाव कोरून देतो. वहिनींचे नाव जपानी अक्षरांत आहे. ते उलटे धरले तरी कुणास कळणार नाही. पण तो टक-टक आवाज तोच, दादा. ताईच्या लग्नाआधी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानी आपण दोघे बाकावर बसलो होतो, आणि पातेल्यांवर एकामागून एक नाव पडत होते. तुम्ही प्रत्येक वेलांटी तपासत होता.

सुरी भेट दिल्याने नाते तुटते अशी येथेही समजूत आहे, आणि त्यावर तोड म्हणून घेणाऱ्याने देणाऱ्यास एखादे नाणे द्यावयाचे असते, म्हणजे व्यवहार विक्रीचा ठरतो. येथले पाच येनांचे पितळी नाणे मध्ये भोक असलेले असते, आबांच्या वेळच्या भोकाच्या पैशाप्रमाणे. तो देव्हाऱ्यातला पैसा वहिनींनी मला द्यावा. हिशेब पुरा होईल.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही फोनवर जाता जाता म्हणालात की, माळा मोकळा करून तांब्याची सगळी भांडी मोडीत घालणार आणि त्या पैशांत इंडक्शनची शेगडी घेणार, कारण त्या शेगडीवर तांबे चालत नाही. ते वाक्य मी त्या वेळी हसण्यावारी नेले. त्यानंतर याच बाजारात एका दुकानी मी तांब्याचे एक पातेले पाहिले. हातोडीने ठोकून घडवलेले, आतून कल्हई केलेले, आणि आकाराने एवढेच की त्यात आपल्या घरच्या एका माणसाचा चहा व्हावा. किंमत २४,००० येन. येनाचा भाव साठ पैशांच्या आसपास धरला तर चौदा हजार रुपयांच्या वर. शेजारी तळहाताएवढी तांब्याची किसणी, तिचा एकेक दात हाताने उठवलेला, तीही अशाच ऐटीत बसलेली. पलीकडच्या दुकानात चार मात्सुताके अळंब्या २२,००० येनांस होत्या, आणि पावसाळ्यात आपल्या मागच्या परसात वारुळापाशी उगवणाऱ्या अळंब्या आठवून मला हसू आले. पण या पातेल्यापुढे मला हसू आले नाही. घरोघरी विजेच्या शेगड्या यांच्याकडेही आहेत, तरी माझ्यादेखत एका म्हाताऱ्या बाईंनी ते पातेले दोन्ही हातांनी उचलून, उजेडाकडे तिरपे धरून आतली कल्हई पाहिली, अगदी आई पाहते तशी, आणि पैसे मोजले. कल्हई उडाली की पुन्हा करून देण्याची सोय दुकानेच ठेवतात.

आपल्या माळ्यावर याच धातूचे घंगाळ आहे, त्यावर आईच्या वडिलांचे नाव आहे. हंडा आहे, दोन कळशा आहेत, आणि ज्यात गणपतीचे मोदक उकडत ते मोदकपात्र आहे. मोडवाला या नावांसकट त्यांचे वजन करील आणि किलोच्या भावाने पैसे हातावर ठेवील. शेगडीचे पैसे मी पाठवतो. हे उपकार म्हणून नव्हे, वाटणी म्हणून समजावे. सबब विनंती की, मी फेब्रुवारीत येईपर्यंत माळ्यास शिडी लावू नये, मोडवाल्यास दारात उभे करू नये, आणि सावंतवाडीत, कुडाळात किंवा बांद्यास एखादा कल्हईवाला अद्याप हयात असेल तर त्याचा पत्ता लिहून ठेवावा.

आईस शिरसाष्टांग, वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला धाकटा,
विनायक

ता. क. : शकूमावशीसाठी बाहुली घेतली आहे. ती लाकडी आहे, डोळे रंगवलेले आहेत, ते मिटत नाहीत. मावशीस हे मी तेथे आल्यावरच कळू द्यावे.