बक्षीस आधी ठरवा

ताडोबाला निघालेला माणूस घरूनच हिरवा होऊन निघतो. टोपीवर पाने, शर्टावर पाने, पँटला खिसे इतके की परतल्यावरही एखादा उघडायचा राहतो. हा सगळा वेश कशासाठी, तर आपण जंगलात दिसू नये म्हणून! मग हा झाडपाल्यातला गृहस्थ उघड्या जिप्सीत उंच जागी बसतो, अंगाला सेंटचा घमघमाट, आणि मागच्या जिप्सीतल्या साडूला हाक मारून विचारतो, "काय हो, दिसला का?"

जंगलात दडायचे तर नारिंगी व्हावे लागते. चितळ-सांबराच्या डोळ्यांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. त्यामुळे आपल्याला भडक वाटणारा वाघ त्यांना गवतातच मुरलेला दिसतो. तेव्हा वेशाचा खर्च वाचवा. मळकट, सुती, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे पुरतात. धूळ तशीही सगळ्यांना एकाच रंगाची करते.

खरी तयारी फार कंटाळवाणी असते, म्हणून ती कोणी करत नाही. बुकिंग केलेल्या नावाचे मूळ ओळखपत्र लागते. 'मी अमक्या साहेबांचा मेहुणा' हे ओळखपत्र नव्हे. मंगळवारी उद्यान बंद, आणि जुलै ते सप्टेंबर कोअरची, म्हणजे गाभा क्षेत्राची, दारे पर्यटकांना बंद. जानेवारीच्या पहाटे धावत्या जिप्सीत कानटोपीला पर्याय नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा भरपूर पाणी, डोक्याला दुपट्टा आणि हवा तर वैदर्भीय रिवाजाप्रमाणे खिशात कांदा. वाटेत गाडीतून उतरता येत नाही, म्हणून निघण्याआधी नैसर्गिक कामे उरकून घ्या. मोबाईल कोअरमध्ये नेता येत नाही. हे कळल्यावर काहींना वाघातही राम वाटेनासा होतो.

सामानाच्या यादीत राहून जातात ते कान. सोबतचा गाईड बहुधा जवळच्याच गावचा. त्याचे सगळे काम ऐकण्यावर. वानर खेकसले का, चितळाने 'कॉल' दिला का, सांबर ओरडले का, यावरून तो वाघाची वाट धरतो. त्यातही सांबर ओरडले तर तो गाडी थांबवून ताठ बसतो, कारण सांबर उगाच ओरडत नाही. नेमके त्याच क्षणी मागच्या सीटवर चिवड्याची पिशवी फुटते. गाईडचे पैसे आपणच भरायचे आणि त्याचे कान आपणच बुजवायचे, असा हा व्यवहार.

वाघ नाही दिसला की मग याच गाईडला "पैसे पाण्यात गेले" असे ऐकवायचे. नीलपंख दिसला, रानगवा दिसला, अस्वलाची पाठ दिसली. पण ते हिशेबात धरत नाहीत. बक्षिसाचा दर पट्ट्यांवर ठरतो. वाघ दिसला तर पाचशेची नोट, नाही तर कोरडे "बरंय". या दराचे पुढे काय होते, ते 2024 च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यात, आणि दोन्ही बाजूंनी जिप्स्या. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाईड आणि जिप्सीचालक निलंबित झाले. चुकले ते चुकलेच. पण "अजून थोडी पुढे घ्या ना दादा" हे वाक्य निलंबित झाल्याचे ऐकिवात नाही. ते पुढच्या शनिवारी पुन्हा गेटवर हजर असते.

म्हणून तयारीचे एक कलम वाढवा. बक्षिसाची नोट सकाळी गेटवरच वेगळ्या खिशात काढून ठेवा, खिसे तर भरपूर आहेतच. गाईडला आणि चालकाला निघतानाच सांगा की वाघ दिसो न दिसो, रक्कम हीच. मग बघा, गाडी आपोआप अंतर राखून उभी राहते.

हे परवडत नसेल आणि पैशांच्या बदल्यात वाघच हवा असेल, तर नागपूरला गोरेवाड्याचे प्राणिसंग्रहालय आहे. तिथे बसमधून वाघ दाखवतात. पानांची टोपी तिथेही चालते.