एक वीत, चार बोटं

बहीण न्यूयॉर्कला असते. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा अण्णांचा पहिला प्रश्न, "किती किलोमीटर?" व्हिसा, थंडी, तिकिटाचा आकडा, सगळं नंतर. अण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते.

"साडेबारा हजार," मी म्हटलं.

त्यांना ते पटेना. नातवाचा फूटभर व्यासाचा पृथ्वीगोल आला, लेंग्याची नाडी निघाली आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणली गेली. भरली एक वीत आणि चार बोटं. पण नाडी अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे जायची सोडून थेट वर रशियात घुसली आणि नॉर्वे, आइसलंड करत खाली उतरली. "न्यूयॉर्क पश्चिमेला ना? मग ही उत्तरेला का निघाली?" गोलावर ताणलेला दोराच जवळची वाट दाखवतो, सपाट नकाशा फसवतो, हे मी सांगितलं. विमान मात्र नाडीवरूनच जाईल असं नाही. वारा कसा आहे आणि कुणाचं आकाश कुणाला बंद आहे, तेही बघावं लागतं. अण्णा डाव्या हाताने लेंगा धरून ऐकत होते.

मग त्रैराशिक. ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे चौदा तास. तिकिटावर मात्र सोळा. "दोन तास कुठे खाल्ले? चहाला थांबतात?" दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. हे त्यांना एका दमात कळलं. तरुणपणी ड्युटीला सायकलवरून जायचे ते.

विमान रात्री दीडचं. तीन तास आधी हजर राहायचं, शिवाय खंबाटकी तुंबला तर, खंडाळा तुंबला तर, असं करत आम्ही साताऱ्याहून सकाळी अकरालाच निघालो. कुठेही काहीही तुंबलं नाही. विमानतळावर बाकावर बसून अण्णांनी हिशेब केला: अडीचशे किलोमीटरला साडेचौदा तास, ताशी सतरा. "एवढ्या वेगाची गाडी मी स्टँडातून सुटू दिली नसती."

न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा तिथे सकाळचे सात वाजले होते. हिवाळ्यात ते आपल्या साडेदहा तास मागे. अण्णांनी डायरीत लिहिलं: सुटली १.३०, पोचली ७.००. परतताना सकाळी अकराला बसलो, पाठच्या वाऱ्याने साडेचौदा तासांतच आलो, आणि मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा वाजले होते. तेही लिहिलं. घड्याळांच्या फरकाचा रकाना काही त्या डायरीत नव्हता.

साताऱ्यात पेन्शनरांच्या कट्ट्यावर डायरी फिरली. जाताना साडेपाच तास, येताना पंचवीस. एक निवृत्त ड्रायव्हर बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले. शेवटी डायरी मिटून अण्णांच्या हातात देत म्हणाले,

"येताना चढ लागत असणार."