धुराड्याचा मानमरातब

पावसाळी इंग्लंडमध्ये धुराड्याला, म्हणजे शेकोटीचा धूर छपरावर नेणाऱ्या विटांच्या नळीला, माणसाहून अधिक मान होता, असे म्हटल्यास तेथील कायद्यांचा इतिहास फारसे आढेवेढे घेणार नाही. काजळी झाडण्यासाठी नळीत मुले चढवली जात. १७८८ च्या कायद्याने शिकाऊ मुलाचे किमान वय आठ वर्षे ठरवले, मात्र ते तपासणार कोण, या क्षुल्लक प्रश्नात कायदा पडला नाही. १८०३ मध्ये जॉर्ज स्मार्ट यांनी सांधेदार दांड्यांचा ब्रश केला, परंतु वाकड्या नळ्यांत ब्रश वळत नाही आणि मूल वळते, हा युक्तिवाद उमरावांना भारदस्त वाटला. अखेर १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा धुराड्यातून काढल्यावर मरण पावला, तेव्हा कुठे या धंद्याला पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला.

एवढ्या लाडाची परतफेड धुराड्याने आपल्या परीने केली. कोळशाच्या धुरातील गंधक आणि पावसाचे पाणी मिळून सल्फेट नावाचे क्षार बनतात, ते विटांमधील चुना-सिमेंट फुगवतात आणि जी बाजू अधिक काळ ओली राहते ती अधिक फुगल्याने अख्खे धुराडे कलते. शेकोटी विझवलेला आधुनिक मालक काटकसरीने नळीची दोन्ही तोंडे लिंपतो, हवा खेळणे थांबते, भिंतीवर ओलीचे डाग उमटतात. मग नळीत कॅमेरा सोडणारा तज्ज्ञ येतो आणि मालकाने पैसे देऊन बुजवलेल्या जागी झरोका पाडण्याचे अंदाजपत्रक देतो.