पंच्याहत्तर रुपयांचा गुणक

विद्यापीठ गावाला किती रुपये मिळवून देते, हे मोजण्याचे एक शास्त्र आहे आणि सवडीने वाचले तर ते फार गोड लागते. प्राध्यापकांचे पगार धरायचे, मुलांची खोलीभाडी, मेसचे डबे, झेरॉक्स, सगळे धरायचे आणि त्याला गुणकाने गुणायचे. कारण पोराने चहाला दिलेले पैसे टपरीवर थांबत नाहीत. ते दूधवाल्याकडे जातात, तिथून पेंडवाल्याकडे. दर दारी थोडे झिजतात खरे, पण एकूण बेरीज लग्नघरातल्या बातमीसारखी फुगत जाते. या हिशेबाने तास बुडवून कँटीनमध्ये बसणारा मुलगा अर्थव्यवस्थेचा आधारस्तंभ ठरतो आणि ग्रंथालयात नळाचे पाणी पिऊन दिवस काढणारी मुलगी जवळजवळ देशद्रोही.

हे वाचताना मला उगाच फर्ग्युसन आठवते. 1885 सालचे कॉलेज. ते चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद महिना पंच्याहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याची शपथ घेत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ती पाळली. गुणाकार केला तर 18,000 रुपये. पगार हेच योगदान धरायचे, तर ज्याने कमी घेतले त्याने कमी दिले, असाच अर्थ निघतो! तिथेच गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे कॉलेज सुटल्यावर हिंगण्याच्या आपल्या विधवाश्रमाकडे चालत निघत. म्हणजे टांगेवाल्याचे तेवढे नुकसानच.

दुसरी रीत अधिक सभ्य आहे: शिकलेल्याच्या जन्माच्या मिळकतीतून न शिकलेल्याची वजा करायची. आता हिंगण्याला शिकून मास्तरीण झालेल्या एखाद्या बालविधवेची वजाबाकी मांडा. तिच्या पहिल्या पगारातून वजा काय करणार? आश्रमात येण्याआधी ती दिराच्या घरी पहाटेपासून दळत, धूत, उष्टी काढत होती आणि त्या राबण्याची मिळकत शून्य धरलेली आहे. उत्तर बरोबर येते. फक्त ते शून्य कुणी मांडले, हे विचारायला तक्त्यात जागा नाही.

आणि साताऱ्याकडचे काय? रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. अहवालात ते सराफाच्या उलाढालीत दिसेल आणि मुलांनी खाल्लेली भाकरी ज्वारीच्या खरेदीत. गुणक अर्थात दोन्हींना लावायचा.