देवाणघेवाण व्हाया मोपा

मे महिना लागला की पेडण्यातला एखादा मुलगा मोपा विमानतळावरून सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी बालीला निघतो. पालक शुल्क देतात, ही देवाण. प्रमाणपत्र मिळतं, ती घेवाण.

तिथे बघायचं काय? माड, भातशेती, देवळं, समुद्र. म्हणजे पेडणंच, फक्त शहाळ्यात छत्री खोचलेलं. सुबाक ही सामूहिक पाटपाण्याची पद्धत बघून पोरं थक्क होतात. होणारच, २०१२ पासून ती जागतिक वारसा आहे! आपल्या दिवाड-चोडणच्या खाजन शेतात भरती आली की आपसूक मिटणारी दारं, म्हणजे मानशी, शतकानुशतकं खारं पाणी अडवताहेत. तिथे सहल काढा, पालकसभेत पहिला प्रश्न येईल, ‘‘यात एक्स्पोजर काय?’’ मुलगा बालीहून परतल्यावर कौतुकाने सांगतो, तिथे रोज दारात फुलं वाहतात. तुळशीला पाणी घालून नुकतीच आत आलेली आजी म्हणते, ‘‘हो का!’’

बेटाशी देवाणघेवाण कशी होते, ते डिचोलीला विचारा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी दिवाड बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं. देवाने नदी ओलांडून डिचोलीतलं नार्वे गाठलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. ना व्हिसा, ना ओरिएंटेशन.

नार्व्याहून दिवाडला आजही फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, हीच तिची खोट. फुकटच्या प्रवासाचं ब्रोशर कोण छापणार, आणि अर्ली बर्ड सवलत तरी कशावर देणार?